चाकांवरचं स्वयंपाकघर कुणाचं?



फाल्गुनातली अष्टान्हिका आटोपली की महावीर जयंतीपर्यंत आपल्या हाती जवळपास चार आठवडे असतात. या दिवसांत घरोघरी वाळवणाचे बेत सुरू होतात, गव्हाची चाळणी-निवडणी निघते, गाद्यांना ऊन दाखवायचं असतं. माझं म्हणणं असं आहे की याच चार आठवड्यांतले तीन दिवस नवरा-बायकोनं बाजूला काढावेत, घरची गाडी काढावी आणि आपल्याच वऱ्हाडातल्या आडरस्त्यांनी पाखरं बघत हिंडून यावं. लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झालेल्यांनी तर नक्कीच. मात्र एक अट आहे, आणि ती अट पाळायची नसेल तर घरीच बसलेलं बरं. ती पुढे सांगते.

आधी याच दिवसांत का, ते सांगते. पळस आत्ता फुललेला असतो. पानं झडून गेलेली आणि फांद्याफांद्यांवर केशरी फुलं. फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा, म्हणूनच संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात. त्या फुलांतला मध प्यायला गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैनांचे थवे येतात. पुस्तकात त्यांना पळस मैना म्हणतात, आपल्याकडची जुनी माणसं भोरड्या म्हणतात. ज्वारीच्या शेतात त्यांना हाकलायला मचाणावर बसल्याच्या आठवणी तुमच्या माहेरीही कुणी ना कुणी सांगितल्या असतील. या मैना इथल्या नाहीत. त्यांची घरटी मध्य आशियात असतात. आपला हिवाळा इथे काढून एप्रिलपर्यंत त्या परत निघतात. म्हणजे फाल्गुन-चैत्र हा त्यांचा निरोपाचा काळ. आज बघू, उद्या बघू म्हटलं तर त्या निघून गेलेल्या असतात.

दुसरं पाखरू आपल्या अगदी ओळखीचं आहे, फक्त आपण ते मंदिराबाहेर पाहिलेलं नसतं. पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ भगवान, त्यांचं लांछन आपल्या दिगंबर परंपरेत चकवा. मूर्तीच्या आसनावर कोरलेला तो लहानसा पक्षी लहानपणापासून पाहिला, पाठशाळेत चोवीस लांछनं पाठ केली. हा चकवा, म्हणजे चक्रवाक, खराखुरा पक्षी आहे. केशरी-तांबूस रंगाचं मोठं बदक. हिवाळ्यात विदर्भातल्या मोठ्या जलाशयांवर तो येतो, बहुधा जोडीनं दिसतो आणि उन्हाळा लागला की हिमालयापलीकडे परततो. मार्चच्या सुरुवातीला गेलात तर भेटीची शक्यता जास्त. ज्याच्या चिन्हापुढे इतकी वर्षं हात जोडले, तो पाण्यावर कसा उतरतो हे एकदा तरी बघावं असं मला वाटतं.

आता हरकतींकडे येते, कारण त्या येणारच.

पहिली हरकत स्वाध्यायाला बसणाऱ्या मैत्रिणींची असते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडपाला तोडणं आणि विनाकारण हिंडणं हे सगळं त्यात येतं. मग पाखरं बघायला चारशे किलोमीटर गाडी पळवणं कशात बसतं?

माझं उत्तर असं की त्याच ग्रंथात दिग्व्रतही आहे. दिशांची मर्यादा घाला, अंतराची मर्यादा घाला आणि त्या मर्यादेत राहा. म्हणून माझा आग्रह परदेशाचा नाही, काश्मीरचाही नाही. अमरावती-अकोल्याचा, फार तर शेजारच्या वाशिमचा. दिवसाला सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या वर गाडी नाही. आणि सूर्यास्तानंतर तर मुळीच नाही. रात्री दिव्यांच्या उजेडाकडे किडे झेपावतात, सकाळी काच पुसताना आपल्याला कळतं की काय झालं. ससे, रानमांजरं बहुतेक रात्री रस्ता ओलांडतात. रात्रीभोजनाचा त्याग आपण पाळतो, तसाच सहलीपुरता रात्रीच्या प्रवासाचा त्याग पाळावा. हेतू ठेवून आणि मर्यादा घालून केलेलं हिंडणं आणि वेळ जात नाही म्हणून केलेलं हिंडणं यात फरक आहे.

अकोला-अमरावतीचा मोठा रस्ता तुम्हाला ठाऊक आहेच. २०२२ च्या जूनमध्ये त्यावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग जातो, ७०१ किलोमीटर लांब. दवाखान्यात जायचं असेल, लग्न गाठायचं असेल तर हे रस्ते उत्तम. पण ताशी शंभरच्या वेगानं पळस म्हणजे नुसती केशरी रेघ दिसते. पाखरू तर दिसतच नाही. आपल्या आज्या मूर्तिजापूरहून शकुंतला गाडीनं कारंज्याला जायच्या, तेव्हा बाजूच्या झाडावर काय बसलंय ते ओळखायला वेळ मिळायचा. ती गाडी बंद पडली, पण तो वेग आपल्याला आडरस्त्यावर अजून मिळतो.

दुसरी हरकत घरातल्या मोठ्यांची. 'कायले जाता वं उन्हातान्हात? जायचं तं यात्रेले जा.' यात्रेला मी नाही म्हणत नाही. पण यात्रेच्या गाडीत आपण काय करतो ते आठवा. पन्नास माणसांची बस, पहाटे अंघोळींचा घोळ, सोबत आचारी असला तरी पोळ्या लाटायला बायकाच बसतात. माझ्या थोरल्या जाऊबाई शिखरजीला तीनदा गेल्या. डोंगरावर काय पाहिलं विचारलं तर त्यांना धर्मशाळेतला ओटा आणि पाण्याची रांग आधी आठवते. पुण्य पदरात पडलं असेल, पण डोळ्यांना काय मिळालं?

आता अटीकडे.

मुलामुलींकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या मैत्रिणींनी तिथली आरव्ही पाहिली असेल. म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, सिंक, न्हाणी, सगळं. निवृत्त जोडपी महिनोन् महिने त्यातून फिरतात. आपल्याकडे याला कॅराव्हॅन म्हणतात आणि महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पहिल्यांदा ऐकलं तर वाटतं, ही गाडी आपल्यासाठीच केली आहे. हॉटेलचा कांदा-लसूण नको, बाहेरचं न गाळलेलं पाणी नको, आपलं दळण, आपली भांडी, आपला स्वयंपाक.

पण त्या ओट्यापाशी उभं कोण राहणार?

पाखरांच्या वेळा आणि आपल्या चुलीच्या वेळा एकमेकींवर येतात, हे कुणी सांगत नाही. मार्चमध्ये आपल्याकडे साधारण सव्वासहा-साडेसहाला सूर्य उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास मावळतो. पाखरं सगळ्यात जास्त हालचाल करतात ती उजाडल्यावर पहिले दोन-अडीच तास आणि मावळतीच्या आधीचे दोन तास. दुपारी ती सावलीला बसतात. आता आपलं बघा. सकाळी चहा-नाश्ता, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचं म्हणजे साडेचारला स्वयंपाकाला लागायचं. तीन दिवसांच्या सहलीत यांनी गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्याकाठी फिरायचं आणि आपण गाडीच्या मागे शेगडीपाशी. घरी आल्यावर त्यांच्या वहीत चाळीस पक्षी आणि आपल्या वहीत किराण्याचा हिशेब.

सलीम अली यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १९३० मध्ये हाताला नोकरी नव्हती तेव्हा ते आणि पत्नी तहमिना अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि तिथेच त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. पुढे पक्ष्यांच्या पाहणीसाठी ते रानोमाळ फिरले तेव्हाही तहमिनाबाई सोबत असत, जंगलातल्या मुक्कामाची व्यवस्था सांभाळत. १९३९ मध्ये त्या गेल्या. भारतातला हा पहिल्या नावाचा पक्षीतज्ज्ञ घडला त्यात त्यांचा वाटा किती होता, ते आपण बायकाच नीट समजू शकतो. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण आपल्या तीन दिवसांत तंबू आणि चूल दोघांनी सांभाळावी असंही मला वाटतं.

म्हणून अट अशी: सकाळी नऊपर्यंत शेगडी पेटणार नाही आणि संध्याकाळचं जेवण ते करतील किंवा ते जेवण थंड असेल. आमच्याकडे चार वर्षं असंच चाललंय. आमचे हे मुगाची खिचडी बरी करतात. पहिल्या वर्षी पातळ झाली होती, आम्ही वाटीतून प्यायलो.

सकाळच्या बाबतीत तर आपला धर्म आपल्या बाजूनं आहे. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं, होईपर्यंत काही न घेण्याचा नियम आपल्यातल्या अनेक जणी पाळतातच. ती ४८ मिनिटं म्हणजे पाखरांची सगळ्यात चांगली वेळ. चहासाठी कुणी घाई केली तर नियम सांगायचा.

शिध्याचं गणितही जमतं. फाल्गुनातल्या अष्टान्हिकेनंतर पिठाची मर्यादा ५ दिवसांची धरतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी दळलेलं पीठ तीन दिवसांना पुरून उरतं. उकळलेलं पाणी चोवीस तास चालतं. रात्री मुक्कामी सोय असेल तिथे सूर्य मावळायच्या आत उकळून स्टीलच्या डब्यात भरून ठेवायचं. गाळणं आणि एक जादा पातेलं बरोबर असू द्या. सकाळसाठी दशम्या, तिळाची चटणी, भाजलेले मुरमुरे. अकरा वाजता ऊन तापलं की सावली बघून दोघांनी मिळून वरण-भात-पोळी. एकानं कणीक मळायची, दुसऱ्यानं भाजी चिरायची, अर्ध्या तासात होतं. एक मात्र कटाक्षानं पाळा: जंगलाच्या हद्दीत शेगडी पेटवायची नाही. पानगळ झालेली असते, एक ठिणगी पुरते, आणि त्या आगीत जळणाऱ्या जिवांची मोजदाद होत नाही.

रस्ता आम्ही असा धरतो. अमरावतीहून सकाळी परतवाडा, तिथून मुक्तागिरी. ५२ मंदिरांचं आपलं सिद्धक्षेत्र, आता मध्य प्रदेशाच्या हद्दीत असलं तरी वऱ्हाडानं ते कधी परकं मानलं नाही. वरून पडलेल्या मेंढ्याच्या कानी मुनींनी णमोकार मंत्र सांगितला, ही तिथली कथा तुम्हाला माहीत आहे. दर्शन झाल्यावर लगेच खाली पळू नका. पायऱ्यांच्या कडेला अर्धा तास बसा आणि झाडांतले आवाज ऐका. मग चिखलदरा. इथून मेळघाट सुरू होतो. १९७४ पासूनचा हा व्याघ्र प्रकल्प सगळे वाघासाठी ओळखतात, पण इथे त्याहून दुर्मिळ एक जीव आहे, रानपिंगळा. दिवसा वावरणारं हे लहानसं घुबड १८८४ नंतर शंभरावर वर्षं कुणाच्या नोंदीत नव्हतं, संपलं असंच धरलं होतं. १९९७ मध्ये ते आपल्या महाराष्ट्रात शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि पुढे मेळघाटातही आढळलं. ज्याला आपण अशुभ म्हणतो त्या पाखरासाठी जगभरातून माणसं या सागवानी जंगलात येतात. दिसेलच असं नाही. आम्हाला चार वर्षांत दिसलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतवाड्यावरून अंजनगाव, अकोट करत अकोला. या रस्त्याला जुने वड-पिंपळ दिसले की गाडी थांबवा. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, हिरवा-पिवळा कबुतरासारखा, पिंपळाच्या फळांवर असतो आणि पानांत असा मिसळतो की हलल्याशिवाय कळत नाही. राखी धनेशही अशाच झाडांवर. त्याची मादी याच दिवसांत झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. दार लिंपून टाकते, एक फट ठेवते आणि अंडी उबवून पिल्लं मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून घास भरवत राहतो. आमच्या ह्यांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळी खिचडी वेळेवर झाली.

तिसऱ्या दिवशी अकोल्याहून बार्शीटाकळीवरून महान. काटेपूर्णा धरणाचं हे पाणी अकोलेकर पितात आणि भोवतालचं जंगल अभयारण्य आहे. चकवा शोधायचा तो अशा मोठ्या पाण्यावर. तिथून मंगरूळपीरवरून कारंजा. तिथली प्राचीन मंदिरं आणि १९१८ पासूनचं महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल पाहून सूर्य मावळायच्या आत अमरावती. सगळं मिळून चारशे किलोमीटरच्या आसपास. जंगलातल्या रस्त्यांना आणि फाटकांना वेळा असतात, त्या आधी विचारून घ्या.

आता पाखरं बघण्याबद्दल. मुनी चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. पाखरं बघताना आपोआप तशीच चाल होते. हळू, खाली बघत, वाळकं पान मोडणार नाही असं. टिटवीचं उदाहरण घ्या. ती उघड्या माळावर, खड्यांतच अंडी घालते. आपण जवळ गेलो की डोक्यावर घिरट्या घालून आरडाओरडा करते. लोक थांबून मोबाइलवर व्हिडिओ काढतात. तिच्या ओरडण्याचा अर्थ एवढाच की तुमचा पाय पिल्लाजवळ आहे, मागे व्हा. मागे व्हायचं. घरट्याचा फोटो काढायचा नाही. पाखरू जवळ यावं म्हणून मोबाइलवर त्याच्या जोडीदाराचा आवाज वाजवायचा नाही, ती फसवणूक आहे.

आपल्या समाजात जीवदया पुष्कळ आहे. दिल्लीच्या लाल मंदिरातला पक्ष्यांचा दवाखाना जगाला माहीत आहे. पण पर्वणीला बाजारातून पिंजऱ्यातले पोपट, मुनिया विकत घेऊन सोडण्याची रीत काही ठिकाणी आहे, तिच्याबद्दल मात्र बोलायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातले हे पक्षी पकडायला आणि विकायला बंदी आहे. आपण पैसे मोजले की पारध्याला पुढच्या सणाची मागणी कळते. ते पैसे पेट्रोलला घाला, रानात जा आणि जो पोपट कुणी पकडलाच नाही तो बघा. मारुती चितमपल्लींनी आयुष्य जंगलात काढून 'पक्षिकोश' लिहिला, त्यामुळे मराठी नावं हाताशी आहेत. ज्या जिवाचं नाव ठाऊक असतं, त्याची आठवण ठेवणं सोपं जातं.

शेवटी दोघांबद्दल थोडं. तीस वर्षांनंतर आपली बोलणी कशाची असतात? गोळी घेतली का, विजेचं बिल भरलं का, मुलाचा फोन आला का. रानात हे बोलणं बंद होतं, कारण पाखरू उडून जातं. आता वयानं ह्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत आणि मला लांबचं स्पष्ट दिसत नाही. मग मी कान देते आणि हात करते, ते दुर्बीण लावतात आणि मला सांगतात काय आहे ते. एका पाखराला आम्हा दोघांची गरज लागते. घरात कधी कुणी असं ठरवून केलं नव्हतं.

आमच्या स्वाध्यायातल्या दोघी जणी गेल्या दोन वर्षांत एकट्या झाल्या. दोघी वेगवेगळ्या वेळी एकच बोलल्या, 'दुकान मुलाकडे सोपवलं की जाऊ म्हणत होते.' त्या दोघींना मी म्हटलं आहे, यंदा तुम्ही दोघी मिळून जा, गाडी आमची न्या.

तुम्हाला मात्र विचारायला घरात माणूस आहे. आजच विचारा. आणि ते हो म्हणाले, तर लगेच दुसरं विचारा: खिचडी येते का?